भावाला बोलिंगच्या संघात घ्यायचंय: अमळनेरच्या ताईंना सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमळनेर तालुक्यातल्या एका ताईंचा भाऊ २६ वर्षांचा, डाऊन सिंड्रोम असलेला. विशेष शाळा अठराव्या वर्षी सुटली, तेव्हापासून घरीच. सकाळी गुरांना चारा टाकतो, दुपारी टीव्ही. दिवाळीत मावशीकडे पुण्याला गेला, तिथे मॉलमध्ये बोलिंग खेळला, एकाच फेकीत नऊ पिना पाडल्या आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. बौद्धिक दिव्यांग खेळाडूंचे बोलिंगचे संघ असतात, स्पर्धा होतात, हे ताईंच्या कानावर आलंय. वय निघून गेलं का, खान्देशात सराव कुठे करायचा, कागद कोणते, खर्च किती, आणि हरला की जमिनीवर बसून राहतो त्याचं काय, असं त्यांनी विचारलंय. शेवटी लिहिलंय, "तात्या म्हणतात, आता या वयात काय खेळाडू करतेस त्याला."

ताई, मी विशेष शिक्षक आहे आणि जळगाव जिल्ह्यात अशा मुलामुलींना मैदानावर शिकवण्यातच माझी नोकरी चालली आहे. तात्यांच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण घरातल्या कर्त्या माणसाचं मन वळल्याशिवाय आपल्याकडे कोणाचं पाऊल मैदानाकडे वळत नाही. त्यांना सांगा की स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये स्पर्धेत उतरायला कमीत कमी वय ८ वर्षं लागतं, जास्तीत जास्त वयाची अट नाहीच. वयोगट पाडलेले असतात, त्यात २२ ते २९ हा एक आणि ३० च्या पुढचा दुसरा. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीला बोची (मैदानावर गोळे घरंगळत सोडायचा खेळ) आणि बोलिंगची आशिया-पॅसिफिक स्पर्धा झाली, ती खास २२ वर्षं आणि त्यापुढच्या खेळाडूंसाठीच होती. धावण्या-पोहण्यात पंचविशीनंतर मागे पडणारी मुलं या दोन खेळांत पुढे येतात, हे मी डोळ्यांनी बघतो. तुमच्या भावाने खेळ निवडताना चूक केलेली नाही.

आता ही स्पर्धा नेमकी कोणाची, ते एकदा नीट समजून घ्या, कारण यात पालकांचा हमखास गोंधळ होतो. पॅरालिम्पिक वेगळं, स्पेशल ऑलिम्पिक्स वेगळं. पॅरालिम्पिकमध्ये बौद्धिक दिव्यांगांसाठी ॲथलेटिक्स, पोहणं आणि टेबल टेनिस एवढेच खेळ आहेत. २०२४ ला पॅरिसमध्ये दीप्ती जीवनजीने ४०० मीटरमध्ये कांस्य मिळवलं ते याच गटात. तिथे अव्वल दर्जाचीच मुलं पोचतात आणि बोलिंग तिथे नाही. स्पेशल ऑलिम्पिक्स ही १९६८ साली शिकागोतल्या पहिल्या स्पर्धेपासून चालत आलेली चळवळ आहे, फक्त बौद्धिक दिव्यांगांसाठी. भारतात तिचं काम स्पेशल ऑलिम्पिक्स भारत बघते, केंद्र सरकारची राष्ट्रीय क्रीडा महासंघ म्हणून तिला मान्यता आहे. २०२३ च्या बर्लिनच्या जागतिक स्पर्धेतून आपल्या खेळाडूंनी २०२ पदकं आणली. बोलिंग आणि बोची हे दोन्ही खेळ त्या स्पर्धेत होते.

इथली पद्धत कळली की तुमची निम्मी काळजी मिटेल. सगळ्यांना एकाच रांगेत उभं करून पहिला, दुसरा, तिसरा काढत नाहीत. आधी स्त्री-पुरुष, मग वय आणि मग कौशल्य बघून खेळाडूंचे छोटे गट करतात, साधारण तीन ते आठ जणांचे. बोलिंगमध्ये कौशल्य म्हणजे खेळाडूच्या अनेक गेम्समधल्या गुणांची सरासरी. ज्याची सरासरी साठ, तो साठीच्या आसपासच्यांशी खेळतो. दीडशेवाला दीडशेवाल्यांशी. मुद्दाम कमी खेळून खालच्या गटात घुसायचं म्हटलं तर प्रामाणिक प्रयत्नाचा नियम आहे, खेळाडू बाद होतो. गटातल्या पहिल्या तिघांना पदक आणि बाकीच्यांना क्रमाची फीत. म्हणजे भावाला संघात घ्यायला त्याने अमुक पिना पाडल्याच पाहिजेत अशी अट नाही.

मग प्रशिक्षक बघतो काय? सातत्य बघतो. हिशोब सोपा आहे. एका गेममध्ये दहा फ्रेम, म्हणजे दहा पाळ्या, प्रत्येक फ्रेमला दोन फेकी. दहाही पिना पहिल्याच फेकीत पडल्या तर स्ट्राइक, म्हणजे दहा अधिक पुढच्या दोन फेकींच्या पिना. दोन फेकींत मिळून दहा पडल्या तर स्पेअर, म्हणजे दहा अधिक पुढची एक फेक. बाराच्या बारा स्ट्राइक बसले तर ३००, त्याच्या वर गुणच नाहीत. पण एकही स्ट्राइक न मारता जो प्रत्येक फ्रेमला सहा आणि दोन अशा आठ पिना पाडतो, त्याचे ८० होतात. असा खेळाडू संघाला फार मोलाचा. एकदा नऊ पाडून पुढच्या चार वेळा गटरमध्ये, म्हणजे लेनच्या (चेंडू टाकायच्या पट्टीच्या) कडेच्या खाचेत, घालणाऱ्यापेक्षा तो शंभर वेळा बरा.

नऊ पिनांवरून एक विचारतो, वाईट वाटून घेऊ नका. मॉलमध्ये त्या दिवशी लेनच्या दोन्ही बाजूंचे कठडे वर केलेले होते का? लहान मुलं किंवा नवखे आले की तिथली पोरं ते उचलून देतात, मग चेंडू गटरमध्ये जातच नाही, कठड्याला आपटत आपटत पिनांवर जातो. स्पर्धेत कठडे नसतात. पुढच्या वेळी जाल तेव्हा ते खाली ठेवायला सांगा. पहिल्या दिवशी भाऊ चिडेल. चिडू द्या. पण त्याची खरी सरासरी तीच, आणि नोंदणीच्या वेळी तीच द्यायची.

आता मुख्य गोष्ट. पिना पाडायला शिकवणं हे माझं काम आहे, ते होतं. संघातली जागा अडते ती दुसऱ्याच गोष्टीवर: तुमच्याविना तो कितपत राहू शकतो. स्पर्धा परगावी असते, मुक्काम असतो, एका प्रशिक्षकावर तीन-चार खेळाडू असतात. कपडे स्वतः घालणं, संडास-आंघोळ, गोळी वेळेवर मागून घेणं, आपली बॅग ओळखणं, अनोळखी ताटातलं जेवणं. कळण्याची भाकरी आणि ठेचा नसेल तर जेवणार नाही असा हट्ट असेल तर तो आत्ताच मोडायला लागा. खेळाडू छान, पण आईशिवाय झोपत नाही, म्हणून नाव मागे घेतलेली पोरं मी बघितली आहेत. महिन्यातून एक रात्र मामाकडे, आत्याकडे, पुढे एखाद्या मित्राच्या घरी, असं करत सवय लावा. तुम्ही सोबत नको. फोनही सारखा नको.

याच्यातच दुसरी गोष्ट येते. घरात आपण पोराला सतत सांगत असतो. उठ, घे, टाक, थांब, असं नाही तसं. दिवसभर आपलीच टकळी. त्याची सवय अशी होते की कोणी बोलल्याशिवाय हात हलत नाही. स्पर्धेत चेंडू टाकायच्या जागेवर प्रशिक्षकाला जाता येत नाही, पालकाला तर नाहीच. तिथे भाऊ एकटा उभा राहणार, मागे शंभर माणसांचा कलकलाट आणि समोर दहा पिना. म्हणून सरावात मी शब्द मोजून वापरतो. तुमच्या घरात अहिराणी बोलत असतील असं धरून चालतो. मग तीनच शब्द ठेवा, देख, वाक, सोड. देख म्हणजे लेनवर काढलेल्या बाणाकडे बघ, वाक म्हणजे गुडघ्यात वाक, सोड म्हणजे चेंडू सोड. पहिले काही आठवडे तुम्ही मोठ्याने म्हणा, मग तो मोठ्याने म्हणेल, मग तुम्ही नुसतं बोट दाखवाल, मग तेही नाही. शेवटी तो मनात म्हणेल. प्रशिक्षक पुण्याचा असो की मुंबईचा, त्याला हे तीन शब्द लिहून द्या. घरी एक भाषा आणि लेनवर दुसरी असं झालं की आमची पोरं गोंधळतात आणि आपण त्यांना हट्टी म्हणून मोकळे होतो.

अजून एक बारीक गोष्ट. भावाला घरात कोणी राजा म्हणत असेल, कोणी बाळ्या. स्पर्धेत पुकारा होतो तो प्रमाणपत्रावरच्या नावाचा, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, कधी हिंदीत, कधी इंग्रजी वळणाने. तो पुकारा आपला आहे हेच कित्येकांना कळत नाही आणि पाळी जाते. आजपासून जेवायला हाक मारताना पूर्ण नावाने मारा. तात्यांनाही सांगा. हसू येईल, येऊ द्या.

सरावाचं बोलू. लेन मोठ्या शहरातल्या मॉलमध्ये, आणि तिथला एकेक गेम खिशाला लागतो. त्यामुळे आपल्याकडचा खेळाडू घडतो तो घरच्या ओट्यावर आणि शाळेच्या मैदानावर. लेनवर तो परीक्षेला बसल्यासारखा अधूनमधून जातो. माझ्या मते हे वाईट नाही. मॉलच्या झगमगाटात शिकलेल्यापेक्षा शांत जागी शिकलेल्याचा हात जास्त स्थिर असतो.

जागा म्हणून गावातलं मंगल कार्यालय बघा. लग्नसराई सोडली की ती रिकामीच असतात, कोटा फरशी गुळगुळीत असते, आणि मालक ओळखीतला निघतोच. खऱ्या लेनमध्ये फाउल लाइनपासून, म्हणजे चेंडू सोडताना ओलांडायची नाही त्या रेघेपासून, पहिल्या पिनेपर्यंत ६० फूट असतात, रुंदी साधारण साडेतीन फूट. तेवढी लांबी नसेल तर तीस फुटांवर सुरू करा. खडूने दोन रेघा मारा. लाइनीपासून १५ फुटांवर खडूनेच एक मोठा बाण काढा, कारण खऱ्या लेनवरही त्याच सुमाराला बाण असतात आणि चांगला खेळाडू पिनांकडे बघत नाही, बाणाकडे बघतो. पिना म्हणून पाण्याच्या एक लीटरच्या दहा बाटल्या. एका बाटलीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत एक फूट, म्हणजे शाळेतली फूटपट्टी पुरते. पुढे एक, मग दोन, तीन, चार असा त्रिकोण. बाटल्यांत सुरुवातीला थोडी वाळू घाला. हात बसला की वाढवत जा. गच्च भरलेल्या बाटलीचं वजन दीड किलोच्या वर जातं आणि खऱ्या पिनेचं वजनही साधारण तेवढंच असतं. चेंडू म्हणून रबरी मेडिसिन बॉल, दोन किलोचा, व्यायामशाळेच्या सामानाच्या दुकानात मिळतो. त्याला बोटांची भोकं नसतात, हरकत नाही. घरी शिकायचं ते वाकणं, हात सरळ नेणं आणि चेंडू आपटायचा नाही, जमिनीवर ठेवल्यासारखा सोडायचा, हे.

पावलांची घाई करू नका. टीव्हीवर चार-पाच पावलं टाकत येऊन चेंडू सोडतात, ते बघून भाऊ तसंच करायला जाईल आणि लाइन ओलांडेल. लाइन ओलांडली की फाउल, पडलेल्या पिना धरत नाहीत. आधी लाइनीपाशी उभं राहूनच टाकू द्या. मग एक पाऊल. त्यापुढची पावलं जमली तर जमली. दोन्ही हातांनी टाकणारेही खेळतात. ज्यांच्या हातात ताकदच नाही किंवा जे चाकाच्या खुर्चीत आहेत त्यांच्यासाठी घसरगुंडीसारखा रॅम्प असतो, त्यावरून चेंडू ढकलायचा. त्यांचे गटही वेगळे असतात. तुमच्या भावाला त्याची गरज पडेल असं वाटत नाही, चाऱ्याचे भारे उचलणारा गडी आहे तो.

ताकद असली तरी चेंडू हलकाच घ्या. मॉलमधल्या चेंडूंवर ६ पासून १६ पर्यंत आकडे असतात, ते पौंडातलं वजन. सहा म्हणजे पावणेतीन किलो, सोळा म्हणजे सव्वासात किलो. डाऊन सिंड्रोममध्ये सांधे सैल असतात, स्नायू मऊ असतात, बोटं आखूड असतात. जड चेंडू घेतला की मनगट मुडपतं आणि अंगठा भोकात अडकून राहतो. सहा किंवा आठ पुरे. अंगठा आरामात निघतो का ते प्रत्येक चेंडू हातात धरून बघायचं, रंग आवडला म्हणून उचलायचा नाही. हे सांगतोय कारण आमच्याकडे सगळ्यांना लालच हवा असतो.

मॉलमध्ये नेल्यावर पहिल्या दिवशी खेळायच्याही आधी एक गोष्ट शिकवा: चेंडू परत येतो त्या मशीनपाशी हात कसा घालायचा. चेंडू धडाधड येऊन एकमेकांवर आदळतात, मध्ये बोट सापडलं की झालं. चेंडूच्या दोन्ही बाजूंनी, म्हणजे लेनच्या दिशेला नाही तर आपल्या डाव्या-उजव्या बाजूंनी, तळवे लावून उचलायचा, पोटाशी धरायचा आणि मगच बोटं घालायची. भोकात बोटं घालून मशीनवरून उचलायचं नाही. दहा वेळा नुसता उचलून परत ठेवायला लावा. शेजारच्या लेनवर कोणी टाकायला उभा असेल तर थांबायचं, हेही तेव्हाच. बूट तिथे भाड्याने मिळतात, मोजे घरचे न्या. बुटाची नाडी बांधता येत नसेल तर घरी तो सराव वेगळा करा. स्पर्धेत सगळे तयार आणि आपला भाऊ नाडीत अडकलेला, असं होतं. आवाज आणि दिवे फार असतात, म्हणून शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी सकाळी उघडल्या उघडल्या जा. कानात कापूस घातला तरी चालतो.

आणि बोची. ताई, माझा आग्रह असा की बोलिंगच्या जोडीला भावाचं नाव बोचीतही घाला. आपल्याकडे जिल्हा आणि राज्य पातळीवर खेळायची संधी बोचीत सहज मिळते, कारण तिला मॉल लागत नाही, मैदान लागतं. एक छोटा गोळा आधी टाकतात, मग दोन्ही बाजू आपापले चार-चार मोठे गोळे घरंगळत सोडतात. ज्याचे गोळे छोट्या गोळ्याच्या जास्त जवळ, त्याला गुण. गोट्या खेळलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. चौघांचा संघ असतो, प्रत्येकाला एक गोळा. पट्टी ६० फूट लांब आणि १२ फूट रुंद. लांबी बोलिंगच्या लेनइतकीच, म्हणजे हाताला अंतराचा अंदाज दोन्हीकडे कामाला येतो. बोचीत जोर कमी-जास्त करायला शिकलेला खेळाडू बोलिंगमध्ये चेंडू आपटत नाही. पॅरालिम्पिकमध्ये बोचिया नावाचा मिळताजुळता खेळ आहे, पण तो सेरेब्रल पाल्सीसारख्या शारीरिक दिव्यांगांचा, मऊ चेंडूंचा. नाव सारखं वाटून तिकडे चौकशी करू नका.

तुमच्या खळ्याची जागा असेल तर बोचीची पट्टी घरीच होते. नुसत्या काळ्या मातीवर करू नका, ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चिकटते, गोळा कुठेही वळतो. वरचा थर खरवडून चार बोटं मुरूम टाका, पाणी मारा, रात्रभर राहू द्या, सकाळी दाबा. रोलर नसेल तर पाण्याने भरलेलं लोखंडी पिंप आडवं लोळवा. असं दोन-तीनदा केलं की बसतो. वर बारीक माती चाळून टाका. बाजूला बांबू आडवे लावा म्हणजे गोळा बाहेर जाणार नाही. फक्कीने रेघ मारा. स्पर्धेतले गोळे साधारण ११ सेंटीमीटर व्यासाचे असतात. जवळच्या विशेष शाळेत एखादा संच असेल तर शनिवारपुरता उसना मागा, मुख्याध्यापक नाही म्हणत नाहीत.

उन्हाचं सांगायला नको, पण सांगतो. मे महिन्यात जळगाव-अमळनेरकडे पारा ४४-४५ च्या पुढे जातो. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, मी मैदानावरचा सराव सकाळी आठच्या आत संपवतो, पुढे ओट्यावर किंवा हॉलमध्ये. संघातल्या काही मुलांना फिटची गोळी चालू असते. टोपिरामेटसारख्या औषधाने घाम कमी येतो आणि अंग तापतं, म्हणून पाणी मागायची वाट बघायची नसते, प्यायलाच लावायचं. तुमच्या भावाला थायरॉइडची गोळी असेल तर मुक्कामाच्या ठिकाणीही ती उपाशीपोटीच, हे कागदावर लिहून द्या.

डॉक्टरकडे जाणारच आहात तर मान दाखवा. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही जणांत मानेचे वरचे दोन मणके सैल असतात. त्यामुळे उलटी उडी, बटरफ्लाय पोहणं, उंच उडी असल्या खेळांत त्यांना जपावं लागतं. बोलिंग आणि बोची त्या यादीत नाहीत. तरीही मान वाकडी धरतो का, मानेत दुखतं का, चाल हल्ली बदललीय का, हातातून वस्तू पडतात का, लघवीवरचा ताबा गेला का, हे तुम्हीच बघू शकता. यातलं काही नव्याने सुरू झालं असेल तर सराव बंद आणि आधी तपासणी. जन्मतः हृदयाचा दोष डाऊन सिंड्रोमच्या जवळजवळ निम्म्या मुलांत असतो. लहानपणी काही निघालं होतं का, ऑपरेशन झालं का, त्याचे कागद शोधून ठेवा.

हरल्यावर जमिनीवर बसतो, हा प्रश्न तुम्ही शेवटी लिहिलात, पण प्रशिक्षकाला तो सगळ्यात आधी विचारायचा असतो. बहुतेक वेळा मूल हरलं म्हणून बसत नाही, पुढे काय होणार ते कळत नाही म्हणून बसतं. मोबाइलवर पटकन खेळ संपतो, इथे पाळी यायला वेळ लागतो, आणि आपली पाळी संपली की कायमची संपली असं त्याला वाटतं. एका पुठ्ठ्यावर दहा चौकटी काढा. एक फ्रेम झाली की त्यानेच एका चौकटीत फुली मारायची. किती झालं आणि किती उरलं हे दिसलं की निम्मा राग जातो. थांबायच्या वेळेला काम द्या: पुढच्याचं नाव पुकारायचं, खेळून आलेल्याला टाळी द्यायची. मधल्या वेळात एक केळ, ते तर आपल्याकडे घरचंच. तरी बसलाच तर ओढू नका, भोवती गोळा होऊ नका, समजावत राहू नका. दोन हात अंतरावर तुम्हीही खाली बसा, दुसरीकडे बघत. उठला की काहीच झालं नाही असं दाखवून चेंडू हातात द्या. घरी पत्ते, सापशिडी काहीही खेळताना त्याला मुद्दाम जिंकवणं मात्र आजपासून बंद. ही सवय प्रेमापोटी लागते आणि मैदानावर फार महागात पडते.

तुमच्या गावात किंवा भाऊबंदांत त्याच्या वयाचा एखादा धडधाकट पोरगा आहे का, जो दर आठवड्याला न चुकता येईल? असेल तर युनिफाइड प्रकाराची चौकशी करा. त्यात एक दिव्यांग खेळाडू आणि एक साधा जोडीदार मिळून दुहेरी खेळतात, संघ असेल तर दोन आणि दोन. वय आणि खेळ मिळताजुळता हवा. भावंडंही खेळतात, तुम्हीही खेळू शकाल. पण माझं मत विचाराल तर तुम्ही नका खेळू. त्याला एक दोस्त मिळू द्या.

कागदांचं आटोपतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्याखालचं बौद्धिक अक्षमतेचं ४० टक्के किंवा त्याहून जास्तीचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे केंद्र सरकारचं दिव्यांग ओळखपत्र. भावाचं प्रमाणपत्र शाळेत असतानाचं असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर नवं करून घेतलंय का ते बघा, नाहीतर जिल्हा रुग्णालयात पुन्हा बुद्ध्यांक चाचणी द्यावी लागेल. आधार, जन्मदाखला, फोटो. स्पेशल ऑलिम्पिक्सचा नोंदणी अर्ज आणि डॉक्टरच्या सहीचा वैद्यकीय अर्ज. आणखी एक, ज्याकडे कोणी लक्ष देत नाही: अठरानंतर आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा आहे, त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. आज सराव सुरू करायला हे लागणार नाही, पण पासपोर्ट आणि बँकेच्या वेळी लागेल आणि तेव्हा धावपळ होईल. तात्यांची तब्येत ठीक आहे तोवर अर्ज टाकून द्या.

पैशांचं म्हणाल तर सहभागासाठी खेळाडूकडून फी घ्यायची नाही हे स्पेशल ऑलिम्पिक्सचं धोरण आहे. "एवढे भरा, निवड करून देतो" असं कोणी म्हणालं तर तिथून उठून या. खर्च होतो तो प्रवासाचा आणि मॉलमधल्या गेम्सचा. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेत बौद्धिक दिव्यांग प्रवासी आणि सोबत्याला स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्के. त्यासाठी ठरावीक नमुन्यातला डॉक्टरचा दाखला लागतो, आणि ऑनलाइन तिकीट काढायचं तर रेल्वेचं वेगळं ओळखपत्र. ते आधी काढा, मग भुसावळहून गाडी पकडायच्या गोष्टी.

जिल्ह्यातून राज्य, राज्यातून राष्ट्रीय आणि मग शिबिरं, अशी चढण आहे. पुढची जागतिक उन्हाळी स्पर्धा २०२७ ला चिलीत सान्तियागोला ठरलेली आहे. भावाला ते स्वप्न आत्ता दाखवू नका, त्याला तारीख कळणार नाही आणि तो रोज बॅग भरेल.

जवळच्या विशेष शाळेत किंवा कार्यशाळेत जाऊन विचारा की स्पेशल ऑलिम्पिक्सची नोंदणी कोण करतं. जुनी शाळा सुटली असली तरी तिथल्याच शिक्षकांकडे पहिल्यांदा जा, ते भावाला ओळखतात. भेटीला त्याला बरोबर न्या आणि तिथे शिक्षक त्याला काही विचारतील तेव्हा ताई, तुम्ही उत्तर देऊ नका, त्याला देऊ द्या, कितीही वेळ लागो. प्रमाणपत्राच्या तीन झेरॉक्स, गोळ्यांची यादी आणि मॉलमधली कठडे खाली ठेवून खेळलेल्या गेम्सची गुणपत्रकं असतील तर तीही सोबत असू द्या.